ड्रॅगनच का हवा?

सांगली

अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. एवढं खपून मार्केट यार्डातल्या खुनाचा रोल-प्लेइंग गेम लिहिलास, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन तोंडी खेळायची गोष्ट, आणि टेबलावरचे खेळाडू म्हणाले, "त्यापेक्षा ड्रॅगनवालं काहीतरी घे ना." त्यांची आवड पोरकट आहे, असं तू ठरवूनही टाकलंस. मला तसं वाटत नाही.

यार्डातला खून खेळायला बसलं की काय होईल बघ. एक म्हणेल, पोलिसांना फोन लावू. दुसरा म्हणेल, सीसीटीव्ही बघू. तिसऱ्याच्या मामाची तिथे अडत. हळदीचे सौदे कसे निघतात ते तोच तुला समजावत बसेल. ज्याला जास्त माहिती, त्याचाच शब्द चालणार. ड्रॅगनच्या गुहेबद्दल मात्र कुणाचाच मामा बोलू शकत नाही. तरीही ड्रॅगन म्हटलं की आग, सोनं, धोका हे न सांगता कळतं. थोडं सगळ्यांना ठाऊक, पुरतं कुणालाच नाही. आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं, तर याहून सोयीचं जग कुठलं?

आपल्या गावाला हे नवं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा, प्रसंग तोच पुढे न्यायचा, आणि पात्रं आपली भाषणं तिथल्या तिथे रचायची. राक्षस 'अललडुर्र' करत यायचे. रामायण घरोघरी माहीत होतं म्हणून हे निभलं. गेम मास्टर म्हणून, म्हणजे खेळ चालवणारी म्हणून, तू करतेस ते सूत्रधाराचंच काम. (सांगलीकर गावाची फुशारकी मारल्याशिवाय पत्र संपवत नाही, हे तुला ठाऊक आहेच.)

ड्रॅगनवाल्या गेमला आधी आल्याचा फायदाही आहेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला, आणि पुढच्यांनी त्याचीच वाट मळली. पण नुसत्या सवयीवर एवढी वर्षं निघत नाहीत. १९७७ मध्ये 'ट्रॅव्हलर' अंतराळयानं घेऊन आला, १९८१ मध्ये 'कॉल ऑफ कथुलू' भयकथा घेऊन. दोन्ही टिकले, जपानमध्ये तर कथुलूचे खेळाडू ढिगाने आहेत. म्हणजे ड्रॅगनवाचून अडतं असं नाही.

डंजनची, म्हणजे ड्रॅगनवाल्या गेममधल्या तळघराची, खरी करामत भिंतींत आहे. उघड्या शहरात खेळाडू कुठेही जातील आणि तुझी तयारी वाया जाईल. तळघरात समोर दोन-तीन दारं. त्यामागे काय आहे तेवढंच तुला माहीत हवं. शिवाय प्रत्येकाच्या पात्राला काम असतं: कुलूप चोराने उघडायचं, शिलालेख जादूगाराने वाचायचा, दारामागचा राक्षस योद्ध्याने अंगावर घ्यायचा. टेबलावर कुणी नुसतं बसून राहत नाही. नवख्या गेम मास्टरला यासारखा आधार नाही, आणि तू अजून नवखीच आहेस, रागावू नकोस.

तेव्हा खून राहू दे, जग बदल. अडत्याऐवजी राजाचा कोठारी मरू दे. तळघरासाठी लांब जाऊ नकोस. हरिपूरची हळदीची पेवं, ती जमिनीखालची कोठारं, आठव. तोंड अरुंद, पोट मोठं, आत अंधार. उघडल्या उघडल्या माणूस उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. हा नियम तसाच्या तसा गेममध्ये घाल. घाई करून उतरेल त्याला वीस बाजूंचा फासा टाकायला लाव. अशी चार-पाच पेवं आतून जोड. खऱ्यात ती तशी नसतात, पण इथे तुला कोण अडवतंय?

नकाशा झाला की पाठव. दारं किती ठेवलीस, ते मी आधी बघणार आहे.