भाचा भावाचा की बहिणीचा?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने लाळेचा नमुना पाठवून डीएनए चाचणी करून घेतली. आईकडचा वंश ‘यू२बी२’ असा आला. हरियाणातल्या राखीगढीच्या थडग्यात जी बाई सापडली, तिचाही वंश हाच होता, असे त्याने वाचले. आमच्या वंशावळीत अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत, बाईचे नाव एकही नाही. मग ती राखीगढीची बाई आमची पूर्वज समजायची का? सर्वपित्रीला तिच्यासाठी एक पान वाढावे, असे मनात येते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पानाच्या गोष्टीकडे येतेच, पण आधी मला एक सांगा, हा भाचा भावाचा की बहिणीचा? मराठीत बाईला दोन्ही भाचेच, पण या चाचणीत सगळे त्यावरच ठरते.

पेशीत केंद्रकाच्या बाहेर तंतुकणिका असतात, शाळेत आपण हे शिकलो आहोत. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. म्हणजे तुमचा, तुमच्या भावाचा, मामाचा आणि मावशीचा एकच. मावसभावाचा तोच, मामेभावाचा मात्र मामीचा. आत्याचा तुमच्याशी संबंध नाही. भाचा बहिणीचा असेल, तर त्याचा निकाल तो तुमचाच निकाल. भावाचा असेल, तर ‘यू२बी२’ तुमच्या भावजयीच्या माहेरचे, म्हणजे तिच्या आईचे, तिच्या आजीचे. तुमच्या घराण्याचे त्यात काही नाही.

आता राखीगढी, सिंधू संस्कृतीतले जुने शहर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथले दफन उकरले. ही बाई सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, उशाशी मातीची भांडी ठेवून पुरलेली. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यातल्या या एकाच बाईने पुरेसा डीएनए दिला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या उष्ण, ओल्या-सुक्या मातीत डीएनए टिकत नाही, तुकडे तुकडे होतो. म्हणून कानाच्या आतल्या भागाभोवतीचे हाड वापरतात. शरीरात त्याच्याइतके घट्ट हाड नाही. बारीक ड्रिलने ते कोरताना वास येतो, दंतवैद्याकडे दात कोरताना येतो तसाच. मी अशाच प्रयोगशाळेत काम करते, इतक्या वर्षांनीही तो वास आला की क्षणभर थांबते. ते कुणाचे तरी कान होते.

तंतुकणिकेच्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो प्रती असतात, केंद्रकातल्याच्या फक्त दोन. म्हणून जुन्या हाडातून आईकडचा वंश आधी हाती लागतो.

पण हाती लागलेले सगळे त्या हाडाचेच असते असे नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका दफनातल्या दाताचा निकाल आला, सुंदर, सलग. आम्ही सगळ्यांनी चहा मागवला. मग नियमाप्रमाणे तो प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या गालाच्या नमुन्याशी ताडून पाहिला, तर माझ्याशी अक्षरन् अक्षर जुळला. हातमोजे, मास्क, टोपी सगळे असूनही माझ्या आईचा वंश त्या दातात शिरला होता. खऱ्या जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना झिजेची खूण असते, डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचले जाते. माझ्यात ती नव्हती. तो दात वाया गेला, आणि त्या माणसाकडे दुसरा धड दात नव्हता. अजून वाईट वाटते.

तर तुमचा मुख्य प्रश्न. ‘यू२बी२’ हा आज जवळजवळ फक्त दक्षिण आशियात सापडणारा वंश आहे. पण तो राखीगढीच्या बाईच्याही हजारो वर्षे आधीपासून आहे. म्हणजे तुम्ही (भाचा बहिणीचा धरून) आणि ती, दोघी एकाच फार जुन्या आईच्या लेकी. ती तुमची थेट पणजी असेलच असे नाही, लांबच्या मावशीसारखी समजा. शिवाय हा एकच धागा आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या ओळीत तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात, आणि ही चाचणी त्यातल्या एकाच बाईबद्दल बोलते.

आईकडचा धागा खरा बोलका होतो तो एकाच जागी पुरलेल्या अनेकांत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या चाको खोऱ्यात प्युब्लो बोनितो नावाची मोठी इमारत आहे. तिच्या ३३ क्रमांकाच्या छोट्या खोलीत १८९६ साली १४ दफने सापडली. एकाजवळ पिरोजाचे अकरा हजारांहून अधिक मणी आणि तुकडे होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नऊ जणांचा मातृवंश एकसारखा निघाला, अक्षरन् अक्षर. ही दफने सुमारे ३३० वर्षांत झालेली. त्यांत एक आई-मुलगी आणि एक आजी-नातू अशा जोड्याही ओळखता आल्या. तिथले मोठेपण आईकडून लेकीच्या वंशात उतरत होते, हे असे कळले. तिथल्या मूळ रहिवाशांना, आजच्या प्युब्लो लोकांना, आधी विचारले नव्हते, अशी टीकाही झाली. ती मला रास्त वाटते.

आपल्या श्राद्धात आईच्या बाजूने मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह येतात, सपत्नीक. म्हणजे आजीचे नाव घेतले जाते. पण आजीच्या आईचे नाही. आजोबांच्या आईचे येते. डीएनए जो धागा धरतो, तो आपल्या संकल्पात दुसऱ्याच पायरीला सुटतो.

पान जरूर वाढा, त्यात चूक काही नाही. पण राखीगढीच्या बाईआधी, मावशी हयात असतील तर त्यांना फोन करून आजीच्या आईचे माहेरचे नाव आणि गाव विचारून घ्या. त्यांना तिच्याही आईचे आठवले तर तेही लिहा. आणि भाचा कुणाचा, ते मला कळवा.