जपान आणि ब्राझील इतके दूर असूनही नुसत्या व्यापारातून त्यांचे संबंध एवढे जवळचे कसे झाले?

हे संबंध व्यापारातून वाढले असावेत, असे आपण प्रश्नात गृहीत धरले आहे. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी माणसे गेली, व्यापार मागाहून आला आणि दोन्ही सरकारांची धोरणे बहुतेक वेळा या दोहोंच्या मागून फरफटत आली.

मैत्री व व्यापाराचा करार 5 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये झाला खरा. पण त्यात जीव आला तो मजुरांच्या टंचाईमुळे. ब्राझीलने 1888 मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. साओ पाउलोच्या कॉफी मळेवाल्यांनी मग इटालियन मजूर मोठ्या संख्येने आणले, परंतु त्यांचे मळ्यांवर होणारे हाल कानावर गेल्यावर इटलीने 1902 मध्ये अनुदानित स्थलांतर बंद केले. इकडे जपानच्या खेड्यांत हातांना काम नव्हते आणि अमेरिकेची दारे हळूहळू मिटत चालली होती. कोबेहून निघालेली ‘कासातो मारू’ ही बोट 781 जणांना घेऊन 18 जून 1908 रोजी सांतोस बंदराला लागली, ती या पार्श्वभूमीवर.

मळेवाल्यांना सुटे मजूर नको होते. त्यांना कुटुंबे हवी होती आणि प्रत्येक कुटुंबात काम करणारी किमान तीन माणसे. त्यामुळे कागदोपत्री लग्ने लावून आणि नात्यातल्या-परक्या मुलांना दत्तक दाखवून कित्येक कुटुंबे निघण्यापूर्वी जुळवली गेली. मळ्यावर पोहोचल्यावर किराणा मळेमालकाच्याच दुकानातून, त्याने ठरवलेल्या भावाने घ्यावा लागे आणि ती उधारी मजुरीतून वळती होई. चार पैसे गाठीला बांधून परतण्याचा बेत अशा हिशेबात बसणारा नव्हता. अनेकांनी मळे सोडले, मिळेल तशी जमीन घेऊन कापूस आणि भाजीपाला पिकवला, आणि परतणे राहून गेले. जपानी वंशाचे सुमारे 20 लाख लोक आज ब्राझीलमध्ये आहेत. जपानबाहेर एवढा मोठा जपानी समाज अन्यत्र नाही.

हा काळ गोडीगुलाबीचा होता असे मात्र कोणी समजू नये. 1934 च्या राज्यघटनेने स्थलांतरितांवर कोटा लादला, पुढे जपानी शाळा बंद पडल्या आणि 1942 मध्ये राजनैतिक संबंधच तुटले. युद्ध संपल्यावर तर ‘जपान हरलाच नाही’ असे मानणाऱ्या गटाने पराभव मान्य करणाऱ्या आपल्याच बांधवांचे खून पाडले. बातम्यांपासून तुटलेल्या समाजाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी तो प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे. संबंध पुन्हा जुळले ते 1952 मध्ये.

आर्थिक बाजूचा कळीचा प्रसंग मी 1973 चा मानतो. त्या वर्षी अमेरिकेने देशांतर्गत भाव आवरण्यासाठी सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली आणि तोफू, मिसो व सोया सॉस यांच्यासाठी अमेरिकी सोयाबीनवर विसंबलेला जपान हादरला. दुसरा पुरवठादार शोधताना त्याची नजर मध्य ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण गवताळ-झुडपी पठारावर गेली. तिथली माती आम्लधर्मी, ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त आणि स्फुरद अत्यल्प. शेतीच्या दृष्टीने ती टाकाऊच समजली जाई. ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेने चुना व स्फुरद घालून जमीन सुधारण्याच्या पद्धती बसवल्या आणि उष्ण प्रदेशात टिकणारे सोयाबीनचे वाण तयार केले. 1979 पासून 2001 पर्यंत चाललेल्या संयुक्त योजनेत जपानने कर्ज आणि तांत्रिक साहाय्य पुरवले. ब्राझील आज जगातील सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे. गंमत अशी, की त्या सोयाबीनचा सर्वांत मोठा ग्राहक जपान नसून चीन आहे. सेराडोतील जवळपास निम्मे नैसर्गिक आच्छादन नष्ट झाले, ही किंमतही या यशोगाथेत मोजायला हवी. ती सांगताना जपानी आणि ब्राझिली अधिकारी सारखेच हात आखडता घेतात.

पुढे प्रवाहाची दिशाच उलटली. ब्राझीलमध्ये महागाईचा आगडोंब उसळला असताना जपानच्या कारखान्यांना कामगार मिळत नव्हते. 1990 मध्ये जपानने कायदा बदलून परदेशस्थ जपान्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत दीर्घ वास्तव्याची मुभा दिली. 2007 च्या सुमारास जपानमधील ब्राझिली नागरिकांची संख्या 3 लाखांच्या वर गेली. हामामात्सु आणि ओइझुमी येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांभोवती त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि कचरा वेगळा कसा करावा याच्या सूचना पोर्तुगीजमध्येही लागल्या. रक्त एक म्हणजे माणूस आपोआप मिसळेल, हा सरकारचा अंदाज साफ चुकला. 2008 च्या मंदीत कंत्राटी कामगारांवर सर्वांत आधी कुऱ्हाड कोसळली आणि 2009 मध्ये सरकारने परत जाणाऱ्या बेरोजगाराला 3 लाख येन देऊ केले. अट एवढीच, की त्याच सवलतीच्या व्हिसावर त्याने पुन्हा येऊ नये. ही अट पुढे 2013 मध्ये शिथिल झाली, पण मला ती आजही कोती वाटते.

सांस्कृतिक देवाणघेवाणीत ब्राझिली जिउ-जित्सू या झुंजीच्या प्रकाराचे मूळ जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा यांच्या शिकवणीत आहे, तर जपानी व्यावसायिक फुटबॉलला आकार देण्यात ब्राझिली फुटबॉलपटू झिको यांचा मोठा वाटा आहे. ब्राझीलने 2006 मध्ये डिजिटल दूरचित्रवाणीसाठी जपानी प्रणाली निवडली, तिच्यात स्वतःच्या सुधारणा केल्या आणि दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांनी पुढे तीच स्वीकारली. चौथ्या पिढीसाठी जपानने 2018 मध्ये वेगळी व्हिसा योजना काढली, परंतु वय आणि भाषेच्या अटी इतक्या जाचक होत्या, की तिला अगदी थोडा प्रतिसाद मिळाला. अल्प मुक्कामासाठी मात्र सप्टेंबर 2023 पासून दोन्ही देशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.