वाचकांचे प्रश्न : मशीन काढायचं ठरलं तेव्हा आई कुठे होती?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला २६ व्या आठवड्यातच मुलगा झाला, ७८० ग्रॅमचा. इथल्याच एका हॉस्पिटलात पेटीत ठेवला होता, व्हेंटिलेटरवर. नवव्या दिवशी डॉक्टरांनी दीर आणि सासऱ्यांना बोलावून सांगितलं की मेंदूत दोन्ही बाजूला मोठं ब्लीडिंग झालंय, लघवी पण बंद झालीये, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. घरच्यांनी मशीन काढायला होकार दिला, बाळ गेलं. जाऊ तेव्हा माहेरी होती, टाके दुखत होते म्हणून तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोन महिने झाले, ती एकच म्हणते, तुम्ही माझं लेकरू मारलंत. आमचं चुकलं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, फाइल मी बघितलेली नाही, पण तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर बाळ तुमच्या होकारामुळं गेलेलं नाही. जेमतेम सहा महिने भरलेल्या बाळाच्या मेंदूतल्या शिरा इतक्या नाजूक असतात की रक्तदाब जरा वरखाली झाला तरी फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसातच, आणि त्यात किडनी बंद पडली म्हणजे शरीर आपलं आपण आवरायला लागलेलं असतं. मग मशीन छातीत हवा भरत राहतं, बाकी काही होत नाही, आणि नळी, सुया, दर थोड्या वेळानं घशातला कफ ओढणं हे सगळं बाळाला सोसावं लागतं. तिथे थांबणं मला तरी चूक वाटत नाही.

चूक दुसरीकडे झाली. एक तर "तुम्ही ठरवा" हे वाक्य. मीही पहिली काही वर्षं तसंच म्हणायचे, वाटायचं आपण नातेवाइकांना मान देतोय, पण एकदा एका विडी कामगार बाईचा नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, मला सातवीपर्यंत शाळा, मी काय ठरवू ओ?" आणि मग रात्रभर मला झोप आली नाही. तेव्हापासून मी माझं मत आधी सांगते, स्पष्ट सांगते, की माझ्या मते आता मशीन चालू ठेवून बाळाला त्रासच होईल, काढावं असा माझा सल्ला आहे, तुम्हाला पटतंय का बघा, आजची रात्र घ्या, कुणाला विचारायचं तर विचारा. सल्ल्याची जबाबदारी डॉक्टरनं आपल्या अंगावर घ्यायची, आईबापाकडं फक्त होकार नकार ठेवायचा. नाहीतर तो बाप जन्मभर समजतो की बटण मीच बंद केलं.

दुसरं, आई. हे आपल्याकडं इतक्या वेळा होतं की आता मला राग येतो. बाळ एका हॉस्पिटलात, आई दुसऱ्या हॉस्पिटलात सिझरचे टाके घेऊन पडलेली, आणि निर्णय होतो एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या बाहेर, चपला काढतात त्या जागेवर, सासरे, मामा, चुलते मिळून. ओली बाळंतीण आहे, तिला कशाला त्रास, म्हणून तिला सांगतात बाळ बरंय. हे सगळे मायेनंच करतात हो, पण नऊ महिन्यांची तयारी जिनं केली तिलाच निरोप घेता येत नाही.

बार्शीकडची एक बाई आठवते. तिच्या नवऱ्याला मी म्हटलं तिला आणल्याशिवाय मी काही करणार नाही. लघवीची पिशवी हातात धरून, गाडीतून, व्हीलचेअरवर आली. सिस्टरनं बाळाच्या गालावरची चिकटपट्टी खोबरेल लावून हळूहळू सोडवली, कातडी निघू नये म्हणून, आणि नळी काढायच्या आधी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. आजीनं सिद्धेश्वराचा अंगारा कागदाच्या पुडीत आणला होता, तो लावला. बाई पहिलं काय विचारली असेल? "जन्मल्यावर रडलं होतं का ओ?" रडलं होतं, थोडंसं, मी स्वतः ऐकलं होतं, सांगितलं. पुढं तासभर ते बाळ तिच्याजवळच होतं.

तर ताई, जावेला समजावत बसू नका. डॉक्टरांची वेळ घ्या, तिला घेऊन जा, फाइल उघडून तिच्या प्रश्नांची उत्तरं तिलाच मिळू द्या. बाळाचा पायाचा ठसा किंवा हातातला पट्टा हॉस्पिटलात असेल तर मागा. नाव ठेवलं नसेल तर तिला ठेवू दे. जेवण, झोप उडाली असेल तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हेंटिलेटर काढणं कायद्यात बसतं का? सुरूच न करणं आणि सुरू करून काढणं यात फरक काय? (विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : नैतिक दृष्टीनं दोन्ही सारखंच मानतात, पण हाताला तसं वाटत नाही, हे तुला ड्युटीवर कळेल. माझं मत असं की शंका असेल तर सुरू करावं, दोन तीन दिवस बघावं, फायदा नसेल तर थांबावं. काढता येणार नाही या भीतीनं सुरूच केलं नाही तर एखादं जगणारं बाळ जातं. कायद्याचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला, कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये, सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं व्हेंटिलेटर काढणं कायद्यात बसतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आधी उपचार करणारा आणि आणखी दोन अनुभवी अशा तीन डॉक्टरांच्या बोर्डाचं मत, मग दुसऱ्या तीन डॉक्टरांच्या बोर्डाचं मत, नातेवाइकांची संमती, मॅजिस्ट्रेटला कळवणं. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र आपल्याकडं गुन्हाच आहे. आणि एक लक्षात ठेव, मशीन थांबलं तरी तुझं काम थांबत नाही. ऊब, वेदनेचं औषध, ओठ ओले ठेवणं, आईच्या कुशीत देणं, ही ट्रीटमेंटच आहे आणि त्यात सिस्टर डॉक्टरपेक्षा मोठी असते.

प्रश्न : आमची मुलगी ३० आठवड्यांची, १२०० ग्रॅम. डॉक्टर म्हणतात वाचेल, पण पैसे संपत आले. नातेवाईक म्हणतात सही करून घरी न्या. (मोहोळ)

उत्तर : नेऊ नका दादा. वरच्या बाळाची गोष्ट वेगळी, तुमची वेगळी. ३० आठवड्यांच्या बाळाला डॉक्टर वाचेल म्हणतायत तर सही करून नेणं म्हणजे जिवंत लेकराला सोडून देणं. आणि मुलगी आहे म्हणून कुणी असं सुचवत असेल तर त्यांचं ऐकूच नका. आजच डॉक्टरांना स्पष्ट सांगा की पैसे नाहीत, लाजू नका. सोलापूरच्या सिव्हिलला नवजात बाळांचा विभाग आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस, आरोग्यमित्र, त्याला रेशन कार्ड दाखवून विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचा नियम आहे. हलवायचं ठरलं तर आधी फोन करून बेड आहे का बघायला लावा आणि १०८ नेच न्या, रिक्षात नको. तिथं गेल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की आईनं रोज बाळाला उघड्या छातीशी धरायचं, आणि जन्मानंतर चार आठवड्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. ती तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.