ब्राइन श्रिंपच्या टबातली तपकिरी भुकटी

बाल्कनीतल्या टबात ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले इवलेसे कोळंबीसारखे जीव) मोठे झाले, जोड्याही जमल्या, पण पिल्लं नाहीत. उलट कडेला तपकिरी भुकटी जमते आणि मोठे भराभर मरतात, असं तुम्ही लिहिलंय. ती भुकटी खरवडून फेकू नका, ती अंडी आहेत.

मादीला दोन्ही जमतं. पाणी मानवलं तर ती थेट पोहणारी पिल्लं सोडते. क्षार वाढले, ऑक्सिजन कमी पडला, खाण्याचे हाल झाले की जाड कवचाची अंडी टाकते. हे डोळ्यांनी बघता येतं: एक मादी काचेच्या ग्लासात घ्या, मागून टॉर्च मारा, वर भिंग धरा. पोटाखालच्या पिशवीत गडद तपकिरी ग्रंथी दिसल्या तर अंडी येणार. त्या फिक्या असतील तर पिल्लं.

तुमच्याकडे मला बाष्पीभवनाचा संशय आहे. पाणी उडतं, मीठ टबातच राहतं. मी पहिल्या उन्हाळ्यात पातळी उतरली की इमानदारीत मिठाचंच पाणी ओतायचो! महिन्याभरात टबाच्या कडेला मिठाचा पांढरा थर आणि आत तपकिरी भुकटी. टबावर मार्करने रेघ मारा आणि तिथपर्यंत क्लोरीन उडालेलं साधं पाणीच भरा. लिटरला 30-35 ग्रॅम मीठ पुरे.

अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये वर्षभर हेच चालतं. वसंतात अंडी फुटतात, उन्हाळ्यात पिल्लांच्या पिढ्या निघतात, शरदात पाण्यावर अंड्यांचे लालसर तपकिरी पट्टे तरंगतात. थंडीत मोठे सगळे मरतात, अंडी तगतात. तिथे 1959 मध्ये रेल्वेचा भराव पडून तळं दुभागलं, उत्तरेकडचं पाणी मिठाने जवळजवळ संपृक्त झालं आणि तिकडे श्रिंप जवळपास उरलेच नाहीत.

आयुष्याचं म्हणाल तर 25 अंशांच्या आसपास ते दोन-तीन आठवड्यांत वयात येतात आणि नीट सांभाळले तर दोन-तीन महिने जगतात. मे महिन्यात टब सावलीत हलवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात खाणं म्हणून टाकलेलं यीस्ट जास्त पडलं तर रात्रीतून सगळा टब साफ. श्रिंप लालबुंद दिसू लागले तर ते तब्येतीचं लक्षण समजू नका. ऑक्सिजन कमी पडला की ते हिमोग्लोबिन वाढवतात. आधी एअर पंप, मग खाणं, तेही पाणी पुन्हा निवळल्यावरच.

जमलेली अंडी धुऊन, कडकडीत वाळवून डबीत ठेवा. ओलीच परत टाकलीत तर बहुतेक फुटणार नाहीत.