पोर्ट्रेट पूर्ण झालं, आता रोज सकाळी दहाला काय करायचं?

"काम छान झालं, सगळ्यांनी कौतुक केलं, मग मला असं रिकामं रिकामं का वाटतंय?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला दरवर्षी कोणी ना कोणी येतंच, कधी थिसिस सबमिट केलेली मुलगी, कधी घरातलं लग्न पार पाडलेले बाबा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी भीती असतेच, हे डिप्रेशन तर नाही ना? म्हणून आज एका चित्रकार ताईंबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई कोल्हापूरच्या, वय 54. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करून शाळेत ड्रॉइंग टीचर होत्या, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना कितीतरी पोरं बसवली, मग नोकरी सोडून घरीच पेंटिंग. मिस्टर जाऊन चार वर्षं झालीत, मुलगा बाहेरगावी. एका शाळेने त्यांना आपल्या जुन्या हेडमास्तर सरांचं ऑइल पोर्ट्रेट करायला सांगितलं, हॉलमध्ये लावायला. फोटोवरून नको, मी स्वतः येऊन बसतो असं सर म्हणाले, वय 79 तरीसुद्धा. मग दोन महिने, आठवड्यातले चार-पाच दिवस, सकाळी दहाला सर हजर. उत्तरेच्या खिडकीतला उजेड फारसा हलत नाही म्हणून ताईंनी ती खोली निवडलेली, मध्ये दोनदा ब्रेक, बिनसाखरेचा चहा, सरांच्या जुन्या बॅचच्या गोष्टी.

चित्र सुंदर झालं. अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं गाव आहे हे, इथे पोर्ट्रेटसमोर उभं राहून कोणी "साम्य आलंय" म्हणालं तर ते उगाच म्हणत नाही. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, फोटो काढले. आणि तीन आठवड्यांनी ताई माझ्यासमोर बसून विचारत होत्या, "मॅडम, माझा हात गेला का ओ?"

झालं असं होतं की त्यांनी ब्रशला हातच लावला नव्हता. खोलीचं दार ओढून घेतलेलं. रात्री मात्र अंथरुणात पडून मोबाइलवर त्या पोर्ट्रेटचा फोटो झूम करायच्या, डाव्या डोळ्याची खालची पापणी, तिथे जराशी सावली जड पडलीये म्हणे, आणि तेवढ्यावरून एक-दीड वाजेपर्यंत जाग. मला दाखवला तो फोटो. मला काही दिसलं नाही, पण मी तसं म्हटलं नाही, कारण त्यांना ते दिसत होतं आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार आहे.

आधी मी डिप्रेशनचे प्रश्न नीट विचारून घेतले, ते कधीच सोडू नये. बाकी कशात मन लागतं का, भूक, झोप, थकवा, स्वतःला दोष देणं, जगूच नये असं वाटणं. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटतंय किंवा कशातच रस नाही, आणि सोबत यातलं बरंच काही असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, तिथे "होईल ठीक" म्हणून थांबायचं नाही. ताईंची झोप बिघडली होती, पण भिशीला जाणं, मुलाशी फोनवर हसणं, जेवण हे सगळं जागेवर होतं.

मग मी त्यांना एक आठवडा वहीत तासातासाला लिहायला सांगितलं, काय केलं आणि कसं वाटलं. ती वही बघून माझंच काळीज हललं. नऊपर्यंत सगळं भरलेलं, पूजा, भाजी, कपडे. दुपारी एकनंतरही भरलेलं. आणि दहा ते साडेबारा, सातही दिवस, एकच शब्द, "बसले".

हात गेला नव्हता, ताईंकडे दहाला येणारं माणूस गेलं होतं. दोन महिने तुम्ही एखाद्याचा चेहरा इतक्या जवळून बघता, त्याच्या कपाळावरची शीर कुठे वळते ते तुम्हाला पाठ होतं, आणि एके दिवशी तो माणूस फ्रेमसकट निघून जातो, वर लोक टाळ्या वाजवतात. रडायचं कधी? मी हे बोलल्यावर ताई खूप वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, सरांच्या चहाचा कप अजून वेगळाच ठेवलाय.

पुढचं काम साधं होतं, मूड येण्याची वाट न बघता हात आधी हलवायचा, मन मागून येतं. पण लगेच नवीन कॅनव्हास नाही. पहिल्या आठवड्यात फक्त दहाला दार उघडायचं आणि ब्रश धुवायचे. ते टर्पेंटाइनच्या डब्यात तसेच उभे राहिलेले, केस वाकलेले, दोन टाकूनच द्यावे लागले, बाकीचे साबणाने तळहातावर घासून घासून ताईंनी सरळ केले. दुसऱ्या आठवड्यात सरांना फोन. सर म्हणाले, "मी अजून दहाला शर्ट इस्त्री करून बसतो." आता ते गुरुवारी नुसते चहाला येतात.

पापणीचं काय? ऑइलचा रंग वरून सुकला तरी आतून सुकायला वेळ घेतो, शेवटचं वार्निश साधारण सहा महिन्यांनी मारतात, हे मला ताईंनीच शिकवलं. मग म्हटलं, म्हणजे तुम्ही त्या चित्राला पुन्हा भेटणारच आहात. फोटो मोबाइलमधून काढून पेनड्राइव्हवर टाकला, पापणीबद्दल वहीत एक ओळ लिहिली आणि वार्निशचा महिना टाकला, तोपर्यंत तिच्यावर विचार बंद. रात्री आठवली की "तारीख दिलीये" एवढंच म्हणायचं. पहिले काही दिवस जमलं नाही, मग हळूहळू जमलं.

तुमच्याकडे वही भरूनही आठवडेच्या आठवडे सगळेच तास रिकामे दिसत असतील, किंवा मरणाचे विचार येत असतील तर एकट्याने काढू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलतात.

ताईंचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, शनिवारची दहाची अपॉइंटमेंट दुपारी घेता येईल का, दहाला भाजीवाल्या मावशी बसायला येतात, कोळशाने स्केच चाललंय आणि त्यांची नथ अजून जमत नाहीये.