वाचक विचारतात : पिशवीवर १२० मायक्रॉन छापलंय, मग दंड कशाचा?

प्रश्न : काका, शहापुरात आमचं कुंदा-पेढ्याचं लहान दुकान आहे. गेल्या महिन्यात घाऊकवाल्याकडून पाच किलो कॅरीबॅग घेतल्या. पिशवीवर ठळक छापलंय, '१२० मायक्रॉन'. 'कायद्यात बसतंय, बिनधास्त वापरा' म्हणाला. आठ दिवसांत तपासणीचे लोक आले, गठ्ठा उचलला आणि पावती फाडली. पावती कन्नडात, मुलीकडून वाचून घेतली. त्यात मायक्रॉनचा शब्दही नाही. चूक कुणाची? आणि कुंदा आता द्यायचा कशात?
— एक दुकानदार, शहापूर, बेळगाव

उत्तर : चूक घाऊकवाल्याची, भुर्दंड तुम्हाला. असंच होतंय बघा.

हा घोळ मार्च २०१६ चा आहे. ११ मार्चला कर्नाटक सरकारनं अधिसूचना काढली : कॅरीबॅग बंद, जाडी कितीही असो. बरोबर सात दिवसांनी, १८ मार्चला, केंद्राचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम आले. त्यात ५० मायक्रॉनच्या वरची पिशवी चालत होती. मायक्रॉन म्हणजे जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग. पेपरात दोन्ही बातम्या आल्या, लोकांच्या डोक्यात आकडा तेवढा बसला. पुढं केंद्रानं तो ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० केला. पण केंद्राचा आकडा म्हणजे किमान अट. राज्याला त्याहून कडक होता येतं आणि आपलं राज्य आधीच झालेलं. त्यामुळं बेळगावात १२० काय नि २०० काय, सारखंच. हद्दीवरची शिनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात गेलात तरी सुटका नाही. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला बंदी घातली, पहिल्याच खेपेला दंड पाच हजार.

मायक्रॉन मोजायचा तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. पातळ पिशवी कचरा वेचणारा उचलत नाही. दिवसभर वाकून गोळा केली तरी वजन भरत नाही, भंगारवाला काय देणार? ती मग गटारात जाते. जाड असली तर कुणीतरी उचलेल, हा हिशेब. मी आरोग्य निरीक्षक होतो तेव्हा जाडी मोजायला स्क्रू गेज घेऊन फिरायचो. गठ्ठ्यात वरच्या दहा पिशव्या जाड आणि खाली सगळा पापुद्रा, ही युक्ती मला कळायला वर्ष गेलं! आता माझं शेत बळ्ळारी नाल्याच्या काठाला आहे. पूर ओसरला की बांधावरच्या झुडपांना पिशव्या लोंबत असतात. त्या ओढून काढताना हातात चिंधड्या येतात, त्या पातळच असतात.

कुंदा पुठ्ठ्याच्या बॉक्सात द्या, वर दोरा बांधा. बॉक्सवर ताणून लावतात ती पारदर्शक फिल्म लावू नका. ती १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. प्लास्टिकचे चमचेही त्याच यादीत आहेत, म्हणजे चव बघायला देता तो चमचासुद्धा लाकडीच हवा.

आता तोच घाऊकवाला कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या दाखवील. कोपऱ्याला काडी लावून बघा. सुती कापडाची राख होते. ही वितळून तिचा मणी होतो, कारण ते पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच असतं. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, म्हणून पिशवी गळ्यात मारली तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका.

आणि त्या पाच किलोंचं पक्कं बिल घेतलंय का? असेल तर ते घेऊन त्याच्याकडं जा आणि पैसे परत मागा. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला असेल, तर तो तुम्हाला ओळखणारही नाही.