दिवंगत मित्राच्या पुस्तकांत लावायला बुकप्लेट (पुस्तक कुणाचं हे सांगणारी, आत चिकटवायची छापील चिठ्ठी) करायची आहे. फोटो टाकावा का? मजकूर काय असावा?

फोटो नको. देणाऱ्यांची नावं तर अजिबात नकोत.

माझा मित्र गेला तेव्हा त्याची चारेकशे पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यायचं ठरलं, बुकप्लेट माझ्याकडे आली. तो रोज एसटीने नोकरीला जायचा आणि वाचायचा तो बसमध्येच. पान कधी दुमडलं नाही. कंडक्टरने पंच मारलेलं तिकीट खूण म्हणून ठेवायचा. पुस्तक झटकलं की तिकिटं गळायची. मी ते तिकीटच लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ लिनोलियमवर, कोरलं. पंचाची दोन भोकं, खाली त्याचं नाव आणि एक ओळ : 'आत तिकीट सापडलं तर तिथेच राहू द्या.'

कमिटीत एकजण म्हणाले, "यातून कुणाला काय कळणार?" छापून आला तो पासपोर्ट फोटो, 'कै.', दोन तारखा आणि त्याच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत आम्हा देणगीदारांची यादी. त्यात माझंही नाव. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हा फोटो त्यांना कधीच आवडला नव्हता."

जर्मन चित्रकार ड्यूररने १५००च्या सुमारास आपला विद्वान मित्र पिर्कहायमर याच्यासाठी बुकप्लेट केली, तिच्यावर लॅटिनमध्ये आहे : 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी'. पुस्तकं ज्याची, त्याचाच स्वभाव त्यात दिसतो. मी हे बैठकीत सांगितलं होतं. आजही तेच म्हणेन.

तुमचा मित्र वाचताना काय करायचा ते आठवा. समासात खुणा? चहाचे डाग? चित्र तिथेच सापडेल. मजकूर दोन ओळींपुरता.

आकार तीन बाय चार इंच पुरतो. कागद आम्लमुक्त घ्या, त्याच्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवा, नाहीतर ओल लागून पुठ्ठा वाकतो. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. ती पुढे पाण्याने सुटते. आमच्याकडे पांढरा गोंद थापला, आता चिठ्ठी काढायची तर अस्तरही फाटतं.

घरच्यांना फोटो हवाच असेल तर त्यांचं ऐका, तो हक्क त्यांचा, कमिटीचा नव्हे. आणि दुर्मीळ पुस्तकात काही चिकटवू नका, चिठ्ठी सुटी ठेवा.

लिनोचा ठसा माझ्याकडे आहे. त्याने मला वाचायला दिलेली सहा पुस्तकं माझ्याकडेच राहिली. त्यांत मी तिकीट लावलंय.